रोशाचं जेल: तिसऱ्या ट्यूबला जमलं

आधी निकाल सांगते, मग कारणं. रोशा गवताच्या सुगंधी तेलाचं हे जेल चांगलं आहे, घ्या. पण घेताना ट्यूबच्या दुमडलेल्या टोकावरचा बॅच नंबर बघा.

2024 च्या डिसेंबरात धुळ्यात बचतगटांचं प्रदर्शन भरलं होतं. नागलीचे पापड, कळण्याचं पीठ, मिरचीचा ठेचा, गोधड्या असं सगळं बघत चालले होते, तेवढ्यात एका टेबलापाशी वास आला आणि पाय थांबले. गुलाबासारखा गोड वास, त्याखाली ओल्या गवताचा, आणि शेवटी किंचित लिंबाकडे झुकणारा. रोशा. हा वास मला झोपेतही ओळखू येईल. साक्री तालुक्यातल्या आमच्या घरी कोनाड्यात एक काळपट बाटली असायची. थंडी पडली की आजी तिळाच्या तेलात त्यातले चार थेंब घालून गुडघ्यांना चोळायची. वास घ्यायला आम्ही पोरं तिच्याभोवती जमलो की म्हणायची, "हाई आपलं रोशानं तेल शे, माय."

टेबलावर तेलाच्या छोट्या बाटल्या होत्या आणि शेजारी पांढऱ्या ट्यूब. तीस ग्रॅम, दीडशे रुपये. "घ्या ना मावशी, तेल आमचंच आहे, भट्टी पण आमचीच," टेबलामागची बाई म्हणाली. मी एक ट्यूब घेतली. तेव्हापासून अकरा महिन्यांत तीन वेगवेगळ्या खेपांच्या तीन ट्यूब वापरल्या. गटाचं नाव इथे लिहीत नाही. पहिल्या खेपेतला दोष त्यांनी मान्य केला आणि काढला, मग तो त्यांच्या नावाला कायमचा चिकटू नये असं मला वाटतं. धुळे-साक्री भागातल्या प्रदर्शनांत रोशाचं जेल सहसा त्यांचंच असतं, वासावरून सापडेल.

मी हे इतक्या खोलात का लिहिते आहे तेही सांगते. फार्मसी कॉलेजच्या फार्मास्युटिक्सच्या लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. मुलांसाठी जेलचा बेस भिजवून ठेवणं, बिघडलेली बॅच का बिघडली ते शोधणं, काचपट्ट्या आणि वजनं मांडून देणं हेच माझं काम. एम. फार्म.च्या दर वर्षीच्या तुकडीत दोन-तीन जण तरी टी ट्री, लवंग, गवती चहा, निलगिरी असलं कुठलं तरी सुगंधी तेल घेऊन जेल करायला बसायचे. सगळ्यांचं लक्ष तेलाकडे. तेलाने जंतूंच्या बशीत जंतू मारून केवढं मोकळं वर्तुळ पाडलं, तेलात अमुक घटक किती टक्के आहे. आणि दर वर्षी प्रकल्प अडकायचा तो जेलपाशी. तेल पाण्यात विरघळत नाही आणि जेल म्हणजे नव्वद टक्के पाणी. या दोघांना एका ट्यूबमध्ये वर्षभर नांदवायचं हे खरं काम असतं.

रोशाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्या खानदेशातल्याच नव्या पिढीला हे गवत माहीत नाही. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी, बाजारात पामारोझा. गवती चहाच्याच कुळातलं. याचे दोन प्रकार: मोतिया आणि सोफिया. मोतियाच्या तेलात जेरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य भरपूर, साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर. सोफियाचं तेल हलक्या प्रतीचं समजतात. जेरॅनिऑल हाच गुलाबाच्या तेलातलाही एक मोठा घटक. म्हणूनच एकेकाळी खानदेश-निमाडातलं हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जायचं, तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं आणि युरोपात त्याला 'तुर्की जिरेनियम तेल' हे नाव पडलं होतं. सातपुड्याच्या उतारावरचं गवत, नाव तुर्कस्तानचं. हे वाचलं तेव्हा मला आजीच्या कोनाड्यातली बाटली आठवली आणि वाईट वाटलं. त्यामुळे आपल्याकडच्या बायका हे तेल स्वतःच्या भट्टीवर काढून स्वतःच्या लेबलाखाली विकतायत, याचं मला फार अप्रूप आहे. जेल नीट व्हावं असं मनापासून वाटतं, म्हणून पुढचं परखड लिहिते आहे.

पहिली ट्यूब

घरी येऊन झाकण उघडलं, बोटावर घेतलं. जेल पातळ होतं, ओघळून मनगटापर्यंत आलं. वास मात्र भरून आला. लेबलावर 'रोशा तेल, कोरफड, नैसर्गिक जेल' एवढंच. घटकांची पूर्ण यादी नाही, परवाना क्रमांक नाही, बनवल्याची तारीख पेनाने लिहिलेली. खाली ठळक अक्षरांत 'मुरूम, खाज, गजकर्ण, सांधेदुखी यांवर गुणकारी'.

मी पंधरा दिवस कपाटात उभी ठेवली. मग ट्यूब उलटी न करता तशीच दाबली, तर आधी पिवळसर तेलाचा थेंब बाहेर आला, मागून पाणी आणि त्यानंतर जेल. तेल सुटून वर आलं होतं. रोशाचं तेल पाण्याहून हलकं, घनता 0.88 च्या आसपास. धरून ठेवणारं काही नसेल तर ते तरंगणारच.

याचा फटका माझ्या भाचीला बसला. ती सुट्टीला आली होती, मानेवर घामोळं होतं, वास आवडला म्हणून न विचारता लावलं. तिच्या वाट्याला तो पहिला थेंब आला, म्हणजे जवळपास निव्वळ तेल. तासाभरात मानेवर लाल चट्टा, आग. गार पाण्याने धुऊन, साधं खोबरेल लावून दुसऱ्या दिवशी उतरलं. हा प्रसंग मी मुद्दाम सांगते आहे. दोन टक्के तेलाचं जेल म्हणून विकलेली वस्तू वेगळी झाली की तिच्यातली पहिली मात्रा पन्नास टक्क्यांची असू शकते आणि शेवटची शून्याची. जेल फुटणं म्हणजे नुसतं दिसायला वाईट नव्हे, तिथे मात्राच चुकते.

ट्यूबवर फोन नंबर होता. मी फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या बाईंनी (मी त्यांना ताईच म्हणते) मध्येच तोडलं नाही, सबबी सांगितल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मावशी, तुम्ही येऊन बघाल का आम्ही कसं करतो?"

भट्टीवरचे दोन दिवस

फेब्रुवारीत गेले. गावाच्या कडेला पत्र्याची शेड, बाहेर गवत वाफवून तेल काढायची स्टीलची भट्टी. दिवाळीच्या आगेमागे गवत फुलोऱ्यावर येतं तेव्हा कापतात, कारण तेल फुलोऱ्याच्या शेंड्यात जास्त असतं. तेल उत्तम होतं: स्वच्छ, फिकट पिवळं, तळाला पाणी नाही. इथे त्यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

जेलचं मात्र एका व्हिडिओवरून चाललं होतं. कार्बोमर म्हणजे पाण्याचं जेल करणारी पावडर आणलेली, ती गरम पाण्यात एकदम ओतून रवीने घुसळायची, वरून कोरफडीचा ताजा गर, मग तेल, मग पुन्हा रवी. गुठळ्या होत, त्या गाळून टाकत. जेवढी पावडर गुठळ्यांत जाई तेवढं जेल पातळ होई.

त्या संध्याकाळी आम्ही एक किलोची खेप लावली. पातेल्यात गार, उकळून निववलेलं पाणी. कार्बोमर सात ग्रॅम, चहाच्या गाळणीतून पिठी साखर भुरभुरावी तसा पाण्यावर भुरभुरला आणि झाकून ठेवला. ढवळायचं नाही, घाई नाही. सकाळी उघडलं तेव्हा सगळी पावडर भिजून पाणी धुरकट, किंचित दाटसर झालं होतं. मी बरोबर नेलेली, आंबटपणा दाखवणारी पीएच पट्टी बुडवली: तीन, म्हणजे चांगलंच आंबट. मग ड्रॉपरने ट्रायइथेनॉलअमिन या अल्कलीचे थेंब, थेंब पडला की लाकडी चमच्याने सावकाश एक फेरा. दहा-बारा थेंबांपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम पातेल्यातलं पाणी चमच्याला धरून बसतं. ताई उठून उभ्याच राहिल्या. "अगं बाई, हे तर साबुदाण्याच्या खिरीसारखं झालं!" साडेपाच पीएचला आम्ही थांबलो. चमचा उभा राहिला.

हे का होतं ते मी त्यांना सांगितलं तसंच सांगते. कार्बोमरच्या कणात लांबच लांब साखळ्या गुंडाळून बसलेल्या असतात. पाणी आंबट असेपर्यंत त्या गुंडाळलेल्याच राहतात. अल्कली पडली की साखळीवर ठिकठिकाणी सारखाच विद्युतभार येतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात, साखळ्या उलगडतात आणि सगळं पाणी आपल्या जाळ्यात पकडतात. यात क्षार पडले की तो भार झाकला जातो आणि साखळ्या पुन्हा आखडतात.

नुसतं सांगून पटलं नसतं. मी दोन वाट्यांत ते घट्ट जेल काढलं. एका वाटीत चिमूटभर मीठ टाकलं आणि ताईंच्या हातात चमचा दिला. त्यांनी चार वेळा ढवळलं आणि डोळ्यांदेखत जेलचं पाणी झालं. दुसऱ्या वाटीत त्यांच्याच कोरफडीच्या गराचे दोन चमचे. ते मिठाएवढं झटक्यात नाही, पण ढवळता ढवळता सैल पडलं, चमचा आडवा झाला. कोरफडीच्या गरात पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतातच. शेडमधल्या सगळ्या जणी दोन्ही वाट्या हातोहात फिरवून बघत होत्या. एक जण हळूच म्हणाली, "म्हणजे आपण कोरफड घालून आपलंच जेल मोडत होतो." तेच होत होतं. पहिल्या ट्यूबचा सगळा घोळ एवढाच. जेल सैल पडलं, त्याला तेल धरवलं नाही.

दुसरा प्रश्न त्यांनी विचारला तो मला कॉलेजातल्या मुलांनीही अनेकदा विचारलाय. तेल स्वतःच जंतू मारतं, मग प्रिझर्व्हेटिव्ह कशाला? कारण जंतू वाढतात पाण्यात आणि तेल बसलेलं असतं आपल्या थेंबांत. एक-दीड टक्का तेलाच्या भरवशावर नव्वद टक्के पाणी वर्षभर राखता येत नाही, त्यातून ट्यूबच्या तोंडाला रोज कुणाचं तरी बोट लागतं. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह एक टक्क्याच्या आत घालायचं ठरलं. 'केमिकल-मुक्त' हा शब्द लेबलावरून काढायला त्यांना जड गेलं, गिऱ्हाईक तोच शब्द शोधतं म्हणाल्या. पण काढला.

दुसरी ट्यूब

मार्चअखेर मला नव्या खेपेची ट्यूब आली. मी पैसे देऊनच घेतली, हेही नोंदवते. रंग काचेसारखा पारदर्शक, जेल घट्ट, बोटावर ठरणारं, तेल वेगळं नाही. दिसायला इतकं सुंदर की नणंदेने दुकानातलं समजून किंमत विचारली.

पण लावल्यावर चिकट. दहा मिनिटांनीही हाताला बाही चिकटत होती. मला कारण लगेच कळलं. पारदर्शक जेल हवं म्हणून तेल पॉलिसॉर्बेट-20 मध्ये विरघळवून घातलं होतं. लॅबमध्ये आम्ही त्याला ट्वीन-20 म्हणायचो. ते तेलाचे थेंब इतके बारीक करतं की प्रकाश आरपार जातो आणि पाणी गढूळ दिसत नाही. मात्र त्यासाठी तेलाच्या चौपट-पाचपट पॉलिसॉर्बेट लागतं. दीड टक्का तेल, म्हणजे सहा-सात टक्के पॉलिसॉर्बेट. पाणी उडून जातं, ते त्वचेवर बसून राहतं. शिवाय बुडबुडे होते. घट्ट जेल रवीने घुसळलं की हवा आत अडकते, ती निघत नाही.

मी फोनवर सांगितलं की पारदर्शकपणाचा हट्ट सोडा. दुधासारखं किंचित धुरकट दिसलं तर काय बिघडलं? पॉलिसॉर्बेट कमी करा, तेल एक टक्क्यावर आणा. घट्ट कार्बोमरच्या जाळ्यात तेलाचे बारीक थेंब जागच्या जागी अडकून राहतात, वर चढत नाहीत, फक्त ते थेंब आधी नीट बारीक करून घ्यायला हवेत. ताई जरा गप्प झाल्या. म्हणाल्या, "मावशी, लोकांना काचेसारखंच आवडतं हो. पण ठीक आहे, एक खेप करून बघू."

तिसरी ट्यूब, म्हणजे आत्ता मिळते ती

ही जूनमध्ये आली. आता जेल शेडमध्ये होत नाही. तेल गट काढतो आणि जेल बनवून ट्यूबमध्ये भरून घेतो तो धुळ्याजवळच्या अवधानच्या एमआयडीसीतल्या एका परवानाधारक छोट्या युनिटमधून. हा निर्णय मला सगळ्यात जास्त आवडला. सौंदर्यप्रसाधन म्हणून जेल विकायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स 2020 खाली उत्पादनाचा परवाना लागतो, घरी बनवून प्रदर्शनात मांडणं चालत नाही. शेडमधली आमची खेप शिकण्यासाठी होती, विकण्यासाठी नव्हे. आता लेबलावर परवाना क्रमांक आहे, बॅच नंबर छापलेला आहे, घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने आहेत. पहिलं पाणी, शेवटाकडे रोशा तेल. काही गिऱ्हाइकांनी 'तेल इतकं शेवटी का?' असं विचारलं म्हणे. एक टक्का तेल शेवटाकडेच येणार. तीस ग्रॅमच्या ट्यूबमध्ये तेल 0.3 ग्रॅम, म्हणजे सात-आठ थेंब. त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत एवढंच पुरे आहे.

रंग पाणी घातलेल्या दुधासारखा. वास पहिल्या ट्यूबइतका अंगावर येत नाही, पण लावल्यावर उलगडतो आणि तासभर टिकतो. चिकटपणा गेला. दोन मिनिटांत हात कोरडा, वर नुसतं मऊपण राहतं.

सवय सुटत नाही म्हणून घरीच तपासलं. पीएच पट्टी साडेपाच ते सहाच्या मध्ये. आपली त्वचा साधारण साडेचार ते साडेपाचची, म्हणजे जवळपास बसतं. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये अर्धा ग्रॅम जेल ठेवून वर पाव किलोचं वजन ठेवलं. गोल वर्तुळ पसरलं, कडेने पाणी सुटलं नाही. पहिल्या ट्यूबच्या वेळी कडेला पाण्याची झालर आली होती. एक दिवस फ्रीजमध्ये, एक दिवस बाहेर, असं सहा वेळा केलं. जेल फुटलं नाही.

उन्हाळ्याची परीक्षा मात्र दुसऱ्या ट्यूबची झाली, कारण मे महिन्यात तीच घरात होती. औषध कंपन्या मालाचा टिकाऊपणा बघायला चाळीस अंश तापमान आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रता ठेवून सहा महिने तपासतात. धुळ्याचा मे त्रेचाळीस अंशांचा. दमटपणा नाही, पण ताप पुरेपूर. ट्यूब दोन भागांत वाटली होती. अर्धं जेल काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवलं, अर्धं ट्यूबमध्येच कपाटात. महिन्याने कपाटातलं होतं तसं होतं आणि खिडकीतलं सैल पडलेलं. कार्बोमरला ऊन सोसत नाही. तिसऱ्या खेपेत ईडीटीए (धातूंचे अंश बांधून ठेवणारं द्रव्य) अगदी थोडं घातलंय ते यासाठीच, तरी ट्यूब खिडकीत ठेवू नका.

ट्यूबही बदलली आहे. पहिली पातळ प्लास्टिकची होती. तिला बाहेरूनच वास यायचा, म्हणजे तेल प्लास्टिकमधून झिरपत होतं. आता आतून लेप दिलेली ॲल्युमिनियमची आहे. दाबली की दबलेलीच राहते, हवा आत ओढत नाही. सुगंधी तेलाला हवा लागणं वाईट. जेरॅनिऑल हवेत हळूहळू बदलतं आणि बदललेलं तेल मूळ तेलापेक्षा त्वचेला जास्त टोचतं. जुनी, उघडी पडलेली ट्यूब 'आहे अजून शिल्लक' म्हणून वापरू नये ती याचसाठी.

उपयोग काय झाला? मी संध्याकाळी चालून आल्यावर पावलांना आणि पोटऱ्यांना लावते. गार वाटतं, हलकं वाटतं. गारवा तेलाचा नाही, जेलमधलं पाणी उडतं त्याचा, साध्या जेलनेही तेवढाच मिळेल. वासाने मन शांत होतं ते मात्र रोशाचंच. डास चावल्यावर यजमानांच्या हातावर लावलं, खाज लवकर निवली असं ते म्हणतात. एवढंच. याहून मोठा दावा मी करणार नाही.

आणि इथेच माझी उरलेली तक्रार. ट्यूबवरून 'गजकर्ण' आणि 'सांधेदुखी' गेलं, पण खोक्यातल्या माहितीपत्रकात 'मुरमांवर गुणकारी' अजून आहे. टी ट्रीचं तेल मुरमांवर चालतं असं ताईंना कुणीतरी सांगितलं होतं. टी ट्रीचा पुरावा खरा आहे. ऑस्ट्रेलियात 1990 साली 124 मुरूमवाल्या रुग्णांवर पाच टक्के टी ट्री तेलाचं जेल आणि मुरमांवरचं नेहमीचं औषध पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरूम कमी झाले, टी ट्रीला वेळ जास्त लागला, त्रास कमी झाला. पण तो पुरावा त्या तेलाचा, त्या मात्रेचा, त्या जेलचा. टी ट्रीत टर्पिनेन-4-ऑल असतं, रोशात जेरॅनिऑल. एका तेलाचा दाखला दुसऱ्याला लावता येत नाही. शिवाय रोग बरा करण्याचा दावा केला की कायद्याने ती वस्तू प्रसाधन राहत नाही, औषध होते. हे मी त्यांना लेखी कळवलंय.

गजकर्णाबद्दल तर हात जोडून सांगते: कुठलंही सुगंधी जेल त्यावर लावत बसू नका. आपल्याकडे आधीच लोक मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली मलमं आणून गजकर्ण अंगभर पसरवून घेतात. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

आणखी एक हवं होतं. युरोपात जेरॅनिऑल, लिनालूल, सिट्राल अशी ॲलर्जी आणू शकणारी द्रव्यं त्वचेवर राहणाऱ्या मालात 0.001 टक्क्याच्या वर असली की लेबलावर नाव घालून लिहावी लागतात. आपल्या गटाने हे आपणहून करावं. ज्याला जेरॅनिऑल सोसत नाही त्याला ट्यूब हातात घेतल्याबरोबर कळेल. पुढच्या छपाईत घालू असं ताई म्हणाल्या आहेत.

किंमत आता एकशे ऐंशी झाली आहे. ट्यूब, परवान्याचं युनिट, छपाई हे बघता मला रास्त वाटते. भुर्दंड वाटला तर पंधरा ग्रॅमची छोटी ट्यूबही काढलीय, शंभर रुपयांना. मी म्हणेन पहिल्यांदा तीच घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावा, दोन दिवस तिथे साबण घासू नका आणि बघत राहा. लाली, खाज, पुरळ काही आलं नाही तर मग बाकीकडे लावा. चिरलेल्या, सोललेल्या त्वचेवर नको, डोळ्यांजवळ नको, लहान बाळांना नको. उघडल्यापासून सहा महिन्यांत संपवा.

माझ्याकडच्या ट्यूबवर बॅच 5 आहे, ताज्या ट्यूबवर 7. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी सवलतीत जुना माल निघतो, त्यात बॅच 1 किंवा 2 ची पांढरी प्लास्टिकची ट्यूब हाती आली तर ती परत ठेवा आणि ॲल्युमिनियमची मागा.